अंगणातली दहाची फुलं

भावाभावांच्या वाटण्या होतात तेव्हा निदान घरातल्या म्हाताऱ्यांना विचारतात तरी. राज्यांच्या वाटण्या झाल्या तेव्हा अंबाबाईला कोणी विचारलं नाही. नागपूर मुंबई राज्यात गेलं, तिचं सौंसर मध्य प्रदेशातच राहिलं, आणि राजधानी नागपूरहून उठून भोपाळला गेली. त्या राजधानीतल्या एका कचेरीत अंबाबाईचा एकुलता एक विनायक कारकून होता. कचेरीमागे तोही गेला. नागपूरहून दर शनिवारी घरी येणारा मुलगा आता वर्षातून एखाद्या वेळी यायचा. संध्याकाळी यायचा आणि पांढुर्ण्याला आगगाडी गाठायची म्हणून सकाळच्या पहिल्या मोटारीनं निघायचा.

घर खायला उठायचं. नवरा गेल्यापासून अंबाबाईनं दारात रांगोळी काढणं सोडलं होतं. विधवेनं काढू नये, असं चार बायकांनी तिला ऐकवलं होतं. अंगणात नुसता लाल मुरूम. शेजारच्या पंचफुलाबाईनं एकदा लोधीखेड्याहून चिनी गुलाबाच्या चार काड्या आणून दिल्या.

"खोसून दे अन् भुलून जाय," ती म्हणाली. "याले ना पाणी लागत, ना लाड."

विसरेल ती अंबाबाई कसली. तिला लाड करायला दुसरं होतं कोण? पाणी घालघालून अर्ध्या काड्या कुजवल्या, तेव्हा कुठे तिनं हात आवरला. उरलेल्यांचे शेंडे खुडून ती पुढेपुढे खोसत गेली. विहिरीनं तळ गाठला, सगळं गाव करपलं, पण ही वेल मुरमातच हातपाय पसरत राहिली. दुसऱ्या उन्हाळ्यात अंगणात जमीन दिसेना. दहाच्या सुमारास ऊन चढलं की गुलाबी, पिवळी, केशरी फुलं उमलायची आणि दुपार कलली की मिटायची. रांगोळी काढायला बंदी होती, पेरायला थोडीच होती?

हे विनायकनं एकदा पाहावं, एवढीच तिची इच्छा होती. पण तो यायचा तेव्हा फुलं मिटलेली असत, आणि जायचा तेव्हा उमललेली नसत.

चैत्रात विनायक आला. जेवताना तिनं हळूच विषय काढला.

"उद्या दहापर्यंत थांबतं का रे?"

"कायले?"

"असंच." फुलांसाठी थांब म्हणायची तिला लाज वाटली.

"नाही जमत आई. पहिली मोटार चुकली का गाडी गेली. साहेब लय कटकट करते."

सकाळी ती पाण्याला गेली. घागर घेऊन परतते तर विनायक अंगणात उकिडवा बसून खुरपं चालवत होता. अर्धं अंगण उघडं पडलं होतं.

"आई, चिवळ किती माजू दिली," तो मान वर न करता म्हणाला. "भाजीच्याही कामाची राहिली नाही. साप-इच्चू बसंन इथं. तू एकटी राहतं."

चिवळ ही उन्हाळ्यातली भाजी. तीही अशीच जमिनीलगत पसरते, पानंही तशीच बारीक, मांसल. फुलं मिटलेली असल्यावर कोणीही फसावं. "थांब" हा शब्द अंबाबाईच्या अगदी ओठावर आला. तेवढ्यात तिला गल्लीतून बोचकी घेऊन मोटारीकडे निघालेली माणसं दिसली. विनायकची त्यांच्याकडे पाठ होती. घड्याळ आत कोटाच्या खिशात होतं.

तिनं घागर खाली ठेवली.

"त्या कोपऱ्यातलंही काढ," ती म्हणाली.

हात धुऊन विनायक आत गेला, तेव्हा मोटार केव्हाच गेली होती. त्यानं कपाळावर हात मारला. अंबाबाईनं चूल पेटवली, भाकरी टाकल्या, आणि मायलेक ओट्यावर जेवायला बसले. कित्येक महिन्यांनी ती कोणाबरोबर सकाळचं जेवत होती.

उपटलेली वेल कुंपणाशी ढीग करून टाकली होती. पण तिच्या देठांत पाणी होतं. ऊन चढलं तसा तो ढीग उमलू लागला. आधी दोन-तीन पिवळी फुलं, मग गुलाबी, मग सगळाच ढीग. विनायक पाहतच राहिला.

"आई, हे चिवळ नोहे?"

"नाही. चिनी गुलाब होय."

"मंग मले सांगितलं काऊन नाही?"

"सांगितलं असतं तर तुले मोटार भेटली असती."

अंबाबाईनं त्याच्या ताटात आणखी अर्धी भाकर मोडून टाकली.

"खाय," ती म्हणाली. "दुपारच्या मोटारीले अजून टाइम आहे."