टिकाराम घरी जातो

बालाघाटच्या दवाखान्यात टिकारामचा महारोग बरा झाला, आणि आता त्याला पाठवायचं कुठं हा प्रश्न ललिताच्या अंगावर येऊन पडला. समाजकल्याण खात्यात लागून तिला वर्षही झालं नव्हतं. साहेबांनी तर आश्रमात जागाही ठरवून टाकली होती. "गावात त्याला विहिरीजवळ कोण फिरकू देईल? आश्रमात पोटभर जेवेल. आपलं काम संपलं."

टिकारामनंही मान डोलावली. पण त्याचा पडलेला चेहरा ललिताला बघवेना.

"काका, घरी काहून नाही जात?"

"अनुसया एकदाबी भेटाले नाही आली, पोरी. तिले मी नको झालो."

दुसऱ्या दिवशी ललितानं टिकारामच्या गावची, किरनापूरची बस धरली. त्याची बायको अनुसया अंगणात तांदूळ पाखडत होती. ललितानं पाठ केलेलं सगळं घडाघडा बोलून टाकलं: रोग आता पसरत नाही, माणसाला आधार लागतो, बायकोचं कर्तव्य असतं. अनुसया खाली मान घालून ऐकत राहिली. आपण हिला नुसतं शिकवतोच आहोत, हे ललिताच्या ध्यानात आलं आणि ती ओशाळून थांबली.

"काकू, तुमाले काय वाटते?"

अनुसयानं सूप खाली ठेवलं. तिचे डोळे भरून आले.

"हे मले कोणी इचारलंच नाही, बाई. दीर म्हणे, दवाखान्यात बायांले येऊ देत नाही. त्यायचा निरोपबी कधी नाही आला. मले वाटलं, त्यायलेच मी नको."

"आन् विहिरीचं?"

"पाणी तं माह्याच हातानं भरल्या जाते. कोण अडवते, पाहतो मी!"

साहेब कुरकुरले, पण ललिता हटली नाही. डॉक्टरांना घेऊन ती गावात गेली. त्यांनी चावडीवर सगळ्यांना समजावून सांगितलं. काही उठून गेले. बरेच बसून राहिले.

टिकाराम बसमधून उतरला तेव्हा अनुसया पुढं झाली आणि रागावली, "किती वाळले हो तुमी!" मागं उभ्या दिरानं कोणाकडे न बघता भावाचं गाठोडं उचललं आणि घराची वाट धरली.

परतीच्या बसमध्ये ललितानं खिडकीला डोकं टेकलं. कित्येक दिवसांत पहिल्यांदाच तिला सडकून भूक लागली होती.