खांद्यावर तीन किलोमीटर

माझ्या नवऱ्याचा डावा पाय अफगाणिस्तानात राहिला. तेव्हा तोक्तोसून एकोणीस वर्षांचा होता, सोव्हिएत फौजेत होता, आणि रस्ता सोडून लघवीला गेला होता. लेफ्टनंटनं बजावलं होतं, बाजूला सुरुंग पेरलेत, रस्ता सोडू नका. पण ह्याला सगळ्यांसमोर उभं राहायची लाज वाटली. लग्न ठरताना त्यानं हे मला आपणहून सांगितलं. इतकं खरं बोलणारा माणूस पुन्हा मिळायचा नाही म्हणून मी हो म्हटलं. माणसांची पारख मला कधीच नव्हती.

फौज अफगाणिस्तानातून परत आली त्या दिवसाची आठवण म्हणून आमच्या कोचकोर गावची शाळा दर फेब्रुवारीत त्याला बोलवायची. मुख्याध्यापिका शौर्यावर भाषण ठोकायच्या, तोक्तोसून पदकं लावून खुर्चीत बसायचा, मुलं जांभया द्यायची. एका वर्षी बाईंचा घसा बसला आणि माईक ह्याच्या हातात आला.

"मुलांनो," तो म्हणाला, "मी लघवीला गेलो आणि पाय गेला. कोणी सांगितलं तिकडे जाऊ नका, तर जाऊ नका. झालं."

मुलं बाकांवरून खाली पडायची बाकी राहिली. कुणीतरी मोबाइलवर ते टिपलं आणि बघता बघता अख्ख्या देशानं पाहिलं.

मग राजधानीहून, बिश्केकहून, अदिलेत नावाचा तरुण आला. टोकदार बुटांनी आमच्या अंगणातलं शेण चुकवत चुकवत. तो नेतृत्वाची अकादमी चालवायचा. स्वतः त्यानं कशाचं नेतृत्व केलं होतं, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

"बायके," तो म्हणाला. थोरल्या भावाला म्हणतात तसं, अगदी मधाळ. "तुमच्यात एक नेता झोपलाय."

"झोपलाय खरा," मी चहा ओतत म्हटलं. "दुपारी जेवला की उठतच नाही."

गोष्टीतली लघवी अदिलेतनं आधी काढून टाकली. भाषणं ठेवणाऱ्या बँकेच्या साहेबांना ती मानवत नाही म्हणे. "तुम्हाला वाचवलं कोणी?"

"सागिननं. बालिक्चीचा होता. मला खांद्यावर टाकून तीन किलोमीटर नेलं त्यानं."

"छान. हे उलटं करू. तुम्ही त्याला नेलंत. आणि शेवटी तो तुमच्या मांडीवर जातो."

"कुठे जातो?"

"मरतो, बायके."

तोक्तोसून उठून बाहेर गेला. बराच वेळ घोड्याला थोपटत उभा राहिला. इतक्या वर्षांत त्याला कोणी काही विचारलं नव्हतं. पदकं पाहायचे, फूल द्यायचे, घरी पाठवायचे. हा पोरगा त्याला बोल म्हणत होता. आत आला आणि म्हणाला, "सागिन कुठे असेल कोण जाणे. त्याला काय कळतंय."

आणि मग त्याचा मोठा माणूस झाला. हॉटेलांचे हॉल भरायला लागले. बाजारातून घेतलेला लष्करी पोशाख ढगळ होता, पण प्रकाशात शोभायचा. जीवनसत्त्वाच्या गोळ्या विकणाऱ्या बाया सागिनच्या मरणावर ढसाढसा रडायच्या आणि मग आणखी गोळ्या विकायची शपथ घ्यायच्या. कृत्रिम पायाचे पट्टे आवळायला मी सोबत असायचे. घरी आला तरी त्याचं चालूच.

"बायबिचे," तो घरधनिणीला म्हणतात तसं म्हणायचा, "अडथळा म्हणजे संधी."

"मग गोठ्यात संधी साचलीय गुडघाभर. फावडं घे."

उन्हाळ्यात इस्सिक-कुल सरोवराच्या काठी, चोल्पोन-अताच्या एका विश्रामगृहात कार्यक्रम होता. सागिन नेहमीप्रमाणे मेला, टाळ्या पडल्या. प्रश्न विचारा म्हटल्यावर मागच्या रांगेतला एक आडदांड माणूस उठला. अंगाला धुरी दिलेल्या माशांचा वास. तिथल्या स्वयंपाकघराला मासे तोच पुरवायचा.

"मी नेमका कधी मेलो तेवढं सांगा," तो म्हणाला. "बायकोला कळवायला हवं."

अदिलेत धावला. "काका, प्रश्न नेतृत्वाबद्दल विचारा."

"नेतृत्वाबद्दलच विचारतोय. चालत कोण होतं आणि खांद्यावर कोण होतं?"

मला वाटलं, तोक्तोसून आता कोसळतो. पण त्यानं माईक तोंडाशी धरला. "खांद्यावर मी होतो," तो म्हणाला. "आणि त्याआधी रस्ता सोडून लघवीला गेलो होतो."

कोणी हसलं नाही. पुढच्या रांगेतल्या बाईनं डोळे पुसलेला रुमाल असा पर्समध्ये टाकला, जणू आसवं परत मागणार होती.

सागिन स्टेजवर चढला. "माझ्या कानात आईला हाका मारत होता हा," त्यानं लोकांना सांगितलं. "आणि मला उचललं म्हणे! ह्याला त्या वेळी मेंढी उचलत नव्हती." आता लोक हसले. सागिन मात्र हसत नव्हता. तो तोक्तोसूनकडे वळून हळू म्हणाला, "मारलंस, ते एक वेळ चालेल. पण मला वाटायचं, दुसरं कोणी नाही तरी तू लक्षात ठेवशील."

पडद्यामागे अदिलेत आनंदानं नाचत होता. "अप्रतिम! आता दोघं मिळून करा! मैत्री! क्षमा!"

"हा कोण?" सागिननं मला विचारलं.

"तुम्हाला ज्यानं मारलं, तो," मी म्हटलं.

सागिन चहासुद्धा न घेता गेला. तोक्तोसूननं तो ढगळ पोशाख तिथेच खुर्चीवर टाकला. नंतर तो बालिक्चीला गेला. सागिननं दार उघडलं नाही. पुन्हा गेला, तेव्हाही नाही. मग मी कणकेचे बोरसोक तळले आणि बरोबर गेले. दार त्याच्या बायकोनं उघडलं.

आत आणखी म्हातारे सैनिक बसले होते. एकाचा कृत्रिम पाय दोरीनं बांधलेला. नव्यासाठी अर्ज करून करून थकला होता.

"तोंड चालतं ना तुझं?" सागिन गुरकावला. "मग ह्यांच्यासाठी चालव."

दोघं राजधानीत, कृत्रिम पाय मंजूर करणाऱ्या सरकारी कचेरीत गेले. साहेब खूश. "माझ्या मुलीनं तुमचं भाषण पाहिलंय. किती प्रेरणा मिळाली!"

"मिळाली ना? मग पाय द्या," तोक्तोसून म्हणाला.

पुढच्या महिन्यात या, असं उत्तर मिळालं. तो बाहेरच्या बाकावर बसला आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला, न विचारता, आपली गोष्ट सांगू लागला. खरी. लघवीसकट, मोठ्या आवाजात. पुढच्या आठवड्यात पुन्हा, ह्या वेळी गाडीभर म्हातारे घेऊन. शेवटी कचेरीतल्या बायका साहेबांना सांगायला लागल्या, सही करा हो, आम्हाला पाठ झाली ती गोष्ट.

पाय आले. दोन चुकीच्या मापाचे होते, त्यासाठी तो परत जाऊन बसला. शरद ऋतूत जखमी सैनिकांच्या संघटनेनं त्याला अध्यक्ष केलं. विरोधात एकच हात वर झाला, सागिनचा.

"का रे?" तोक्तोसूननं विचारलं.

"तुला ओळखतो म्हणून," सागिन म्हणाला, आणि सरकून त्याला आपल्या शेजारी जागा करून दिली.