शंभरला त्र्याण्णव

मित्रांनो, मी एक जुना रक्तदाबमापक आहे. हे भारदस्त नाव माझ्या झाकणाच्या आत चिकटवलेल्या कागदावर तेवढं उरलं आहे. बाकी सगळे मला ‘पाऱ्याचं बीपी मशीन’ म्हणतात. राखाडी पत्र्याची पेटी, झाकण उघडलं की ताठ उभी राहणारी काचेची नळी, दंडाला गुंडाळायचा कापडी पट्टा आणि मुठीत मावणारा रबरी फुगा, एवढंच माझं शरीर. फुगा दाबला की पट्टा दंड आवळतो आणि पारा नळीत चढतो. मग हवा हळूहळू सोडायची, कान लावून ठोके ऐकायचे आणि पारा कोणत्या आकड्यावर आहे ते बघायचं.

बावीस वर्षांपूर्वी मी सांगलीतल्या एका नर्सिंग कॉलेजात आलो. दर वर्षी नव्या मुली माझ्यावर हात बसवायच्या. एकमेकींचे दंड आवळून आवळून लाल करायच्या. एखादीला ठोका ऐकूच यायचा नाही, पण बाई समोर उभ्या असल्या की ती एकशे वीस-ऐंशी असा छापील आकडा सांगून मोकळी व्हायची. मला तिची लबाडी कळायची आणि मनातून हसू यायचं. चुका माणसं करतात, पारा करत नाही, असं मी तेव्हा अगदी खात्रीने समजत होतो. शिबिरांत मला मान होता. मोठे डॉक्टरसुद्धा दुसऱ्या मशिनाचा आकडा पटला नाही की म्हणायचे, “पाऱ्याचं आणा.”

पुढे बॅटरीवर चालणारी मशिनं आली. बटण दाबलं की आकडा समोर. मला कपाटाच्या खालच्या खणात ठेवलं. तीन-चार वर्षं माझं झाकण कोणी उघडलं नाही. एकदा वरच्या फळीवरून जुन्या रजिस्टरांचा गठ्ठा कोसळला आणि माझी नळी तडकली. तरीही कोणी उघडून पाहिलं नाही.

मला बाहेर काढलं ते अंजनाने. अंजना माण तालुक्यातल्या मेंढपाळाची लेक. कॉलेजच्याच रुग्णालयात परिचारिका म्हणून नोकरी करायची आणि उरलेल्या वेळात पीएच.डी.चा अभ्यास. तिची चुलती मेंढरांमागे चालता चालता बांधावर कोसळली होती आणि उठलीच नाही. त्या चुलतीचा रक्तदाब जन्मात कोणी मोजला नव्हता. म्हणून अंजनाने संशोधनाला विषयच तो घेतला: कळपामागे फिरणाऱ्या बायकांचा रक्तदाब. माळावर बॅटरी संपली तर काय करायचं, म्हणून तिच्या मार्गदर्शक बाईंनी पाऱ्याचंच मशीन वापरायला सांगितलं.

अंजनाने मला दुरुस्तीला दिलं. दुरुस्ती करणाऱ्याकडे माझ्या कंपनीची नळी नव्हती. त्याने दुसऱ्या कंपनीची, माझ्या खाचेत बसेल अशी नळी बसवली. अंजनाने घरी आणून तपासलं. पारा बरोब्बर शून्यावर उभा होता. तिने माझ्या पेटीवरून ओलं फडकं फिरवलं, नवा पट्टा लावला आणि म्हणाली, “चला, आता आपण दोघं.” इतक्या वर्षांनी माझ्याशी कोणीतरी बोललं होतं.

त्या हिवाळ्यात मी तिच्या स्कुटीच्या पुढच्या मोकळ्या जागेत बसून कडेगावच्या आसपासची रानं हिंडलो. ऊस तुटून गेलेल्या वावरांत मेंढरांचे तळ पडलेले असायचे. अंजना तळावर गेली की आधी सांगलीची भाषा खिशात ठेवायची आणि माणदेशी बोलायला लागायची. दोनशे चौदा बायकांचे दंड माझ्या पट्ट्यात आले. कष्टाचे, काटक दंड.

त्यातली हरणाबाई मला पहिल्या भेटीतच आवडली. साठीची बाई. माझा पारा चढताना पाहून तिने विचारलं, “वर चढतंय ते काय, माझं रगात व्हय?”

“पारा हाय मावशी. तुमचं रगात किती जोरानं पळतंय ते सांगतुया,” अंजना म्हणाली. मग तिने ठोके ऐकले, माझ्यावरचा आकडा वाचला. एकशे अडतीस. एकशे चाळीसच्या पुढे असता तर तिने लगेच दवाखान्याची चिठ्ठी दिली असती. “बरं हाय मावशी. काळजी न्हाई.”

हरणाबाईला इतका आनंद झाला, की तिने शेळीच्या दुधाचा चहा पाजल्याशिवाय आम्हाला सोडलं नाही.

सांगलीत, विश्रामबागेत एका भाड्याच्या खोलीत अंजना आणखी दोघींबरोबर राहायची. तिघीही संशोधनाच्या वाटेवरच्या. संयोगिता कडेगावच्या बागायतदार घरातली, ती कायद्याची. अडाणी माणसांकडून संशोधनासाठी जी संमती घेतात, ती त्यांना खरंच समजते का, हा तिचा विषय. अंजनाचा संमतीचा कागद तिनेच बायकांच्या बोलीत लिहून दिला होता. अपेक्षा पाटणची, जीवभौतिकशास्त्राची. हृदयाच्या ठोक्याची लाट रक्तवाहिन्यांतून किती वेगाने पुढे सरकते, ते मोजून त्यावरून रक्तदाब सांगणारं एक छोटं यंत्र ती बनवत होती.

मे महिन्यात अंजनाचा प्रबंध लिहून झाला. तीन आठवड्यांत तो सादर करायचा होता. अपेक्षाने आपलं यंत्र पडताळून बघायला मला काही दिवस प्रयोगशाळेत नेलं. दोघांचे आकडे काही जुळेनात. पहिले दोन दिवस ती आपल्याच यंत्राला दोष देत राहिली. तिसऱ्या दिवशी तिने मला रबरी नळीने प्रयोगशाळेतल्या प्रमाणित दाबमापकाला जोडलं. तिकडे शून्य, माझ्याकडे शून्य. तिकडे शंभर, माझ्याकडे त्र्याण्णव. तिकडे दीडशे, माझ्याकडे एकशे चाळीसलाही पोचेना. तिने पाच वेळा करून पाहिलं.

मित्रांनो, प्रत्येक मशिनाच्या नळीवरचे आकडे त्याच मशिनाच्या पाऱ्याच्या भांड्याचं माप धरून आखलेले असतात. माझ्या भांड्यावर दुसऱ्याची नळी बसवली होती. त्यामुळे शून्यावर मी खरा होतो आणि पारा जसजसा वर चढेल तसतसा अधिकाधिक खोटा. मला स्वतःला ते ठाऊक नव्हतं. ताठ उभा राहून, चकाकत, मी दोनशे चौदा बायकांना कमी आकडे सांगितले होते.

संध्याकाळी पिठलं-भाकरीचं जेवण मांडून तिघी बसल्या आणि अपेक्षाने ते सांगितलं. अंजनाने हातातला घास ताटात ठेवला. तिने मला जवळ ओढलं आणि माझ्या नळीकडे बघत राहिली. ती मला आपटेल असं मला वाटलं. तिने आपटलं नाही.

अपेक्षाने धीर दिला, की चूक सगळीकडे एकाच प्रमाणात आहे. कॉम्प्युटरवर बसून एका दुपारी सगळे आकडे दुरुस्त करता येतील आणि प्रबंध वाचेल. अंजना उठली. तिने यादी काढली आणि माझ्यावर ज्यांचा आकडा एकशे तीस ते एकशे चाळीसच्या दरम्यान आला होता, त्या नावांवर खुणा केल्या. सदतीस झाल्या. या सगळ्यांचा खरा आकडा एकशे चाळीसच्या वर होता आणि एकीलाही तिने दवाखान्याची चिठ्ठी दिली नव्हती.

“आकडे दुरुस्त होतील गं,” ती म्हणाली. “पण ‘बरं हाय’ म्हणून सांगून आले, ते कसं दुरुस्त करू?”

संयोगिताने संमतीचा एक कागद काढून तिच्यासमोर ठेवला. खाली निळा अंगठा होता. त्याच्या वरची ओळ अशी होती: ‘तुमच्या जिवाला धोका हाय असं आमाला कवाबी कळलं, तर आमी तुमाला येऊन सांगू.’ ती म्हणाली, “कायद्यात काय बसतं ते मी शोधीन. पण त्यांना कळावं म्हणून ही ओळ मी सोपी लिहिली होती. आणि त्यांना ती कळली होती.”

मार्गदर्शक बाई आधी रागावल्या. आकडे दुरुस्त कर, खाली टीप दे आणि ठरल्या तारखेला प्रबंध सादर कर, बाकीचं मागाहून बघू, असं त्यांचं म्हणणं. अंजनाने नम्रपणे नाही म्हटलं. बाई दोन दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मुदत वाढवून मागायच्या अर्जावर त्यांनी स्वतःच सही करून तो टेबलावर ठेवला.

राहिला रजेचा प्रश्न. रुग्णालयाच्या मनुष्यबळ विभागात विश्वजित नावाचा तरुण अधिकारी होता, नियमाला पक्का. परिचारिका नोकरी का सोडून जातात, यावर तोही पीएच.डी. करत होता आणि त्याची प्रश्नावली अंजनाने तीनदा न भरता ठेवून दिली होती. तिने पंधरा दिवसांची रजा मागितली. कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘माझी चूक दुरुस्त करण्यासाठी.’ अशी रजा कोणत्याच प्रकारात बसत नाही, असं विश्वजित म्हणाला. मग त्याने तो अर्ज पुन्हा वाचला. दुपारभर तो वॉर्डावॉर्डातून फिरला, चौघी परिचारिकांना तिच्या पाळ्या वाटून घ्यायला राजी केलं आणि अर्ज तिच्या साठलेल्या हक्काच्या रजेत बसवला. परत आल्यावर प्रश्नावली भरायची, एवढी अट मात्र घातली.

जून लागला होता. कळप आपापल्या मुलखात परतले होते. अंजनाच्या बॅगेत प्रयोगशाळेत तपासून घेतलेलं बॅटरीचं मशीन होतं आणि शेजारी मी. मी कशाला, असं मला वाटलं. बायकांसमोर झाकण उघडून तिने मला पुढे ठेवलं, तेव्हा उलगडलं. कशावर मोजलं होतं आणि काय चुकलं, ते ती प्रत्येकीला दाखवून सांगत होती.

यादीतलं पहिलं घर हरणाबाईचं. औंधच्या पुढे माळावर तिच्या मुलाचं, बाळासोचं, दोन खोल्यांचं घर. हरणाबाई दारात बाजेवर बसली होती. तिचा डावा हात मांडीवर निपचित पडला होता आणि तोंड एका बाजूला किंचित ओढलं होतं. दोन महिन्यांपूर्वी तिला अर्धांगवायूचा झटका आला होता. आता गोळ्या चालू होत्या.

अंजना दारातच थबकली. सून राणी पाण्याचा तांब्या घेऊन आली, तिने अंजनाला ओळखलं आणि तांब्या खाली ठेवला.

“तुमीच म्हणाला व्हता, बरं हाय म्हणून,” ती म्हणाली.

“व्हय. मीच म्हणाले व्हते,” अंजना म्हणाली. “ते चुकीचं व्हतं. तेच सांगाय आलीया.”

माझ्याकडे बोट दाखवणं सोपं होतं. तिने ते आधी केलं नाही. सगळा दोष पदरात घेऊन झाल्यावरच तिने मला बाहेर काढलं आणि नळीची गोष्ट सांगितली. वेळेवर गोळ्या सुरू झाल्या असत्या तर झटका टळला असता का, असं राणीने विचारलं. नक्की सांगता येत नाही, पण टळलाही असता, असं अंजनाने खरं तेच सांगितलं. राणी पदराने डोळे पुसत आत गेली. मित्रांनो, माझा पारा थंडच असतो. पण त्या दिवशी मला तो फार जड झाला.

हरणाबाई मात्र मला निरखत होती. तिचं बोलणं संथ, थोडं बोबडं झालं होतं. “मेंढरू चुकलं की सांजच्याला मोजणीत कळतंय,” ती म्हणाली. “मग त्याच्यामागं जावंच लागतंय, पोरी. काही जण न्हाई जात. तू आलीस. आता हितं रडत बसू नगंस. बाकीच्या कुठं हायती ते मला ठावं हाय.”

तिने राणीला हाक मारली. राणी आली, फोन घेऊन सासूच्या तोंडाशी धरला. हरणाबाईने एकेका शब्दाला थांबत निरोप भरला: “हरणाबाई बोलतीया. अंजना येतीया. तिला दंड द्या. माझ्यावानी हुईस्तवर थांबू नगा.” राणीने तो निरोप सगळ्या भावकीत आणि सोयऱ्यांत धाडला. तासाभरात उत्तरं यायला लागली. कोण कोणत्या माळावर, कोण लेकीकडे, कोण बाजाराला. दुसऱ्या दिवसापासून राणी स्वतःच अंजनाच्या मागे स्कुटीवर बसली, कारण माळावरच्या वाटा तिला माहीत होत्या. पहिला दिवसभर ती अंजनाशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र तिने आपली भाकरी मोडून अर्धी पुढे केली.

पंधरा दिवसांत पस्तीस जणी भेटल्या. उरलेल्या दोघी कर्नाटकात विजापूरच्या बाजूला होत्या; त्यांना फोनवर सांगून तिथल्या दवाखान्यात पाठवलं. छत्तीस जणींची औषधं वेळेत सुरू झाली. सदतिसावी हरणाबाई.

प्रबंध सात महिने उशिरा सादर झाला. त्यात माझ्या चुकीवर एक पूर्ण प्रकरण होतं. तोंडी परीक्षेला अंजनाने मला टेबलावर ठेवलं. बाहेरगावच्या परीक्षकांनी विचारलं, की हे प्रकरण नसतं तर प्रबंध अधिक नेटका झाला असता, मग ते घातलंच का? अंजना म्हणाली, की नेटका झाला असता, पण खरा झाला नसता. परीक्षकांनी चष्मा काढून मला हातात घेतलं, नळी बघितली आणि पुढचा प्रश्न विचारला. अंजनाला पदवी मिळाली. विश्वजितची प्रश्नावलीही तिने भरून दिली, शेवटच्या रकान्यात त्याच्या नावाने आभार मानून.

पारा विषारी असतो, म्हणून अपेक्षाने तो जपून काढून बंद बाटलीत भरला आणि नियमाप्रमाणे घातक कचऱ्याच्या केंद्राकडे सोपवला. आता मी पोकळ आहे. अंजना त्याच कॉलेजात शिकवते आणि मी तिच्या वर्गातल्या काचेच्या कपाटात असतो. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मुली सगळी मशिनं प्रमाणित मापकाला जोडून तपासतात आणि तारखेची चिठ्ठी चिकटवतात. कुणी आळस केला तर अंजना रागावत नाही, मला बाहेर काढते.

मित्रांनो, वस्तूंची धूळ पुसता, त्यांना तेलपाणी करता, ते चांगलंच आहे. पण आम्हा जुन्या वस्तूंची तेवढ्यावर राखण होत नाही. मोडलं की ज्याचं त्याचंच बसवा, आणि आम्ही चकचकीत दिसतो म्हणून आमच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. अधूनमधून आम्हाला तपासा. आमच्या आकड्याच्या पलीकडे कुणाचा तरी दंड असतो. आणि एवढं करूनही चूक झालीच, तर ज्याला चुकीचं सांगितलं त्याच्या दारापर्यंत जा. मला पाय नाहीत. अंजना मला घेऊन निघाली, म्हणून मलाही ती वाट चालता आली.