लेडीजचं दार

"बंद करा ते! बंद करा म्हन्ते ना!"

चांगुणाबाई पहिल्या रांगेतून ताडकन उठली, तेव्हा पडद्यावरची बाई सासरच्या दारात पोचली होती. काखेत बोचकं, डोक्यावर पदर, गालावरून घळाघळा पाणी. दारात नवरा उभा. मागून सनई सुरू झालेली.

नवीन जालन्यातल्या त्या कॉलेजच्या सभागृहात शे-सव्वाशे पोरं होती. मागच्या बाकांवर हशा पिकला. "आजी, तिकिटाचे पैसे परत मागा!" कुणीतरी ओरडलं. साधना मॅडमनी लॅपटॉपवर बोट दाबलं आणि पडद्यावरची बाई उंबऱ्यात एक पाय टाकून जागच्या जागी थिजली.

"मावशी, काय झालं?"

"हे कुठून आनलं तुम्ही?"

"हाच शेवट आहे, मावशी. चार महिने खटपट करून ही प्रत मिळवलीय मी."

"लबाडी हाय. गिरणीवाली परत जात न्हाई. शंभर डाव पाह्यलाय मी हा सिनेमा."

शेजारी तिची भाची दीपमाला बसली होती. तिनं आत्याला खाली ओढलं नाही. पडद्याकडे बघतच ती हळू म्हणाली, "आत्या, ती तर गेली ना परत."

जुन्या जालन्यातल्या एका टॉकीजमध्ये चांगुणाबाईनं सव्वीस वर्षं लेडीजचं दार सांभाळलं होतं. तिकीट फाडायचं, अंधारात टॉर्च मारून जागा दाखवायची, रडक्या लेकराला आईसकट व्हरांड्यात काढायचं, आणि बायांच्या खुर्च्यांकडे सरकणारा एखादा गडी दिसला की त्याच टॉर्चनं त्याला हाणायचं. मालकाचा एक नियम होता. सिनेमा संपायला पाच-सात मिनिटं उरली की लेडीजचं दार उघडायचं, म्हणजे गडीमाणसांची गर्दी सुटायच्या आत बाया वाटेला लागतील. भोकरदनकडच्या बायांना तर सहाची एसटी गाठायची असे. कडी वाजली की लेडीज रिकामी. चांगुणाबाई आधी जिन्यावर टॉर्च धरी आणि मग खाली जाऊन आवाराचं लोखंडी फाटक उघडून उभी राही.

बाकीच्या सिनेमांचं काय, त्यांचे शेवट न बघताही कळायचे. पण दिग्दर्शिका वत्सला केसकरांच्या गिरणीवाल्या बाईचा शेवट आपण बघितलाय, असंच ती धरून चालली होती. हात मोडणाऱ्या नवऱ्याला सोडून त्या बाईनं पिठाची गिरणी चालवायला घेतलेली. नवरा न्यायला येतो, मनगट धरतो. ती हात सोडवते, चाकावर पट्टा चढवते, गिरणी धडधडायला लागते आणि उडालेल्या पिठानं सगळा पडदा पांढरा होतो. पडदा पांढरा झाला की कडी काढ, असं ऑपरेटरनंच तिला सांगून ठेवलं होतं. जिल्हाभरच्या बायांनी त्या बाईला गिरणीत सोडलं आणि एसटी धरली.

तो सिनेमा लागला तेव्हा चांगुणाबाई चोवीस वर्षांची होती. नवऱ्यानं पाठीवर तापलेलं उलथनं टेकवलं म्हणून पळून जालन्याला मावशीकडे आलेली, आणि महिनाभरापूर्वीच दारावर लागलेली. गुरुवारी बाप न्यायला येणार होता. सिनेमा सोमवारी लागला. गुरुवारी बाप टॉकीजच्या फाटकाशी येऊन उभा राहिला, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "माझी ड्युटी हाय." बाप गेला. त्याला एकोणचाळीस वर्षं झाली.

टॉकीज बंद पडली, तिथं कापडाचं गोदाम झालं. चांगुणाबाई वाती वळायला लागली आणि गल्लीतल्या राममंदिरात कीर्तनाला बसायला लागली. एकदा बसली की आरती होऊन कपाळाला बुक्का लागेपर्यंत उठायची नाही. शेजारची बाई चुळबुळली की डोळे वटारायची. आख्यान शेवटाला आलं, टाळ चढले, मृदंग भरात आला, की तिचे डोळे भरून यायचे. देव आपले राहून गेलेले शेवट आता एकेक करून दाखवतोय, असं तिला वाटायचं.

आणि आज हा शेवट.

साधना मॅडम मनानं वाईट नव्हत्या. वत्सला केसकरांच्या चार सिनेमांतल्या चार बायांवर त्यांचा अभ्यास चालू होता. गिरणीवाली, टपाल वाटणारी, हलगी वाजवणारी आणि विहिरीत उतरून गाळ काढणारी. चांगुणाबाईच्या खोलीवर येऊन त्यांनी मोबाइलवर दोन तास तिचं बोलणं भरून घेतलं होतं. आज तिचा सत्कार होता. शाल-नारळ टेबलावर तयार होता.

"मावशी, बसा ना," मॅडम समजुतीनं म्हणाल्या. "माझं म्हणणं असं आहे की तिचं परत जाणं ही हार नाही. ते बंडाचंच एक प्रगल्भ रूप आहे. ती आता स्वतःच्या निर्णयानं परततेय."

"निर्नय?" चांगुणाबाईचा आवाज चिरकला. "ज्यानं हात मोडला त्याच्या दारात तिला उभी केली, अन् तुम्ही त्याला मोठंमोठं नाव देऊन राह्यल्या? तुमचा मोडला का कधी हात?"

पुन्हा हशा. विभागप्रमुख राधेश्याम सर घड्याळ बघायला लागले.

"मॅडम, जरा मागं घ्या तो सिनेमा. बाई रडती तिथं. आता सांगा, विहीरवालीचा लेक मेला तवा ती कशी रडती?"

"म्हणजे?"

"पाठ दिसती. नुसती पाठ. टपालवाली रडती, तवा सायकल पुसत असती, पाठमोरी. हलगीवाली हलगी शेकत असती, तीबी पाठमोरी. चारी सिनेमे म्या भिताडाला टेकून उभ्यानं पाह्यलेत, दिवसाला तीन खेळ. केसकर बाई आपल्या बाईला रडताना तोंड दाखवू देत न्हाई. कुनाला तमाशा बघू देत न्हाई तिचा." तिनं पडद्याकडे हात केला. "अन् हितं? हे बघा. भोकाड पसरून, तोंडावर उजेड मारून, सनई लावून. हे त्या बाईनं काढलेलंच न्हाई. कुनीतरी दुसऱ्यानं चिटकवलंय."

यावर कुणी हसलं नाही. साधना मॅडम पडद्याकडे बघत राहिल्या. मग चष्मा काढून म्हणाल्या, "निर्मात्यानं शेवट दुसऱ्याकडून करून घेतला, असं मी कुठंतरी वाचलं होतं. पण त्याला पुरावा नाही, मावशी."

"मी हाय ना. मी काय सव्वीस वर्षं मुकाट्यानं नुसती भिताड धरून होते?"

"आपण चहा घेऊ या," राधेश्याम सर म्हणाले.

चांगुणाबाईनं पिशवी उचलली. शाल-नारळ टेबलावरच राहिला.

रिक्षात दीपमाला नेहमीसारखी डावीकडे बसली, म्हणजे उजवा कान आत्याकडे राहावा. डाव्या कानाचा पडदा नवऱ्याच्या थपडेनं फाटला होता. दोन महिन्यांमागं ती रात्रीच्या कपड्यांनिशी आत्याच्या दारात आली होती, आणि ते दोन महिने चांगुणाबाईनं तिला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती. गिरणीवाली परत गेली न्हाई. तूबी जाऊ नको.

"तू मला खोटं सांगितलं आत्या."

"मला ठाव न्हवतं ग."

"मंग मी कशाच्या भरवशावर राह्यले?"

चांगुणाबाईनं तोंड बाहेर वळवलं. रिक्षा गोदामावरून गेली. लेडीजच्या दाराला आता शटर होतं. तिच्या माहेराला, पिंपळगावाला, रेणुकाईचं ठाणं. तिनं मनातल्या मनात त्या देवीआईला हाक मारली, आणि त्या हाकेत नमस्कार नव्हता, भांडण होतं. आई, तुझं डोकं दुसऱ्यानं उडवलं, अन् परत लावलं तेबी दुसऱ्यानंच. मधी तुला कुनी काही इच्यारलं का?

खोलीवर भुजंग येऊन बसला होता. चांगुणाबाईचा धाकटा भाऊ, दीपमालाचा बाप. गल्लीच्या तोंडाशी जीप उभी होती.

"आक्का, पोरीला आवरायला सांग जल्दी. सहाला गावात पंचांची बैठक हाय. काकासाहेबांनी शब्द घेतलाय जावयाचा, हात लावनार न्हाई म्हनून."

"कान परत लावून देनार का काकासाहेब?"

"तुझं निराळं होतं. तू एकटीनं काढली जिंदगी, पन आमी गावात कसं तोंड दाखवलं आमाला ठाव." त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. माणूस थकलेला दिसत होता. "तुझ्या त्या सिनेमातल्या गोष्टी पोरीच्या डोक्यात घालू नको आता."

एकोणचाळीस वर्षं जी गोष्ट काढली की समोरचा गप बसायचा, ती आज चांगुणाबाईला काढता येत नव्हती. राग असा आला की हातातली पिशवी तिनं भिंतीवर फेकली. वातीचा कापूस खोलीभर झाला.

"मीच सांगते," ती म्हणाली. "दीपे, ऐक. गिरणीवाली परत गेली. निदान गेलेली दाखवली. म्या शेवट पाह्यलाच न्हवता. माझ्या गोष्टीवर राहू नको. पन मी गेले न्हाई, एवढं बिलकुल खरं हाय. त्याच्यापुढं मला काही ठाव न्हाई."

भुजंगला हे काय चाललंय ते कळलं नाही. तो उठून लेकीच्या डाव्या बाजूला गेला, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि हळू आवाजात बराच वेळ काहीतरी सांगत राहिला. आईबद्दल, धाकट्या बहिणीच्या लग्नाबद्दल, चार लोकांबद्दल. दीपमाला खाली वाकून कापूस गोळा करत होती.

"काय म्हन्ते मंग?" त्यानं शेवटी विचारलं.

ती उभी राहिली. "आबा, ह्या बाजूनं बोला. त्या बाजूचं मला ऐकू येत न्हाई."

भुजंगचा हात तसाच हवेत राहिला. तो दोन पावलं फिरून तिच्या उजवीकडे आला. पण तिथं आल्यावर त्याला मघाचं काहीच परत बोलता येईना.

"त्या बाईला कुनी आनून उभं केलं, तेबी मेलं कुनाला ठाव न्हाई," दीपमालाचा आवाज जराही रडका नव्हता. "मला कोन उभं करून राह्यलं ते मला बराबर दिसतंय. जीप परत पाठवून द्या, आबा. मी न्हाई येत." आणि ती त्यांच्याकडे पाठ करून पुन्हा कापूस वेचायला बसली.

बाहेर अजून ऊन होतं, पण त्या घराचा जिना भर दुपारीही अंधारा. भुजंग टोपी घालून निघाला. चांगुणाबाईचा राग अजून उतरला नव्हता. त्याला एक शब्दही बोलायचा नाही, असं तिनं ठरवलं होतं. तरी दाराआड खिळ्याला टांगलेली जुनी टॉर्च तिनं काढली आणि जिन्याच्या तोंडाशी येऊन उभी राहिली.

"पायरी बघून," ती म्हणाली. "तिसरी तुटलीय."

उजेडाचा गोल त्याच्या चपलांपुढं एकेक पायरी उतरत गेला. भावानं मागं वळून बघितलं नाही. खालचं दार वाजलं, जीप सुरू झाली, गल्ली सोडून गेली. चांगुणाबाई रिकाम्या जिन्यावर टॉर्च धरून तशीच उभी होती.

आतून दीपमालानं विचारलं, "आत्या, कीर्तन कितीला हाय आज?"

"सातला," ती म्हणाली, आणि मग तिनं टॉर्च विझवली.