मागच्या सीटचं अक्षर

इसोझाकी जीव वाचवून परत आला, असं त्याच्या बेटावरची काही रिकामटेकडी माणसं अजून म्हणतात. ते ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. त्याच्या मागच्या सीटवर मी बसत होतो, त्यामुळे काय झालं ते मला विचारा.

आमचं बॉम्बर विमान दोघांचं. पुढे वैमानिक इसोझाकी, मागे मी, तोकिएदा. शत्रूच्या जहाजाच्या डोक्यावर जाऊन नाक खाली करायचं आणि दगडासारखं पडायचं, हे आमचं काम. पडताना वैमानिकाची नजर निशाण्यावरून हलता कामा नये, म्हणून उंची मागच्याने वाचायची आणि बोलण्याच्या नळीतून ओरडून सांगायची. मग “तयार”, आणि त्यानंतर एकच अक्षर: “तेऽ!” म्हणजे सोड. ते कानावर पडलं की त्याचा डावा हात बॉम्बचा खटका ओढी आणि उजवा हात विमानाचा दांडा पोटाशी घेई. डोळ्यांपुढे अंधारी यायची, विमान लाटांवरून निसटायचं. विचार करायला सवडच नसे. अक्षर माझं, हात त्याचे.

एकदा जेवताना तो डाव्या हातातला मिसो सूपचा वाडगा तोंडाला लावत होता. मला चेष्टा सुचली. मी हळूच “तयार” म्हटलं आणि मग “तेऽ!” त्याचा हात असा झटक्यात मागे आला की गरम सूप सगळं मांडीवर. लोक पोट धरधरून हसले. एरवीही ते आम्हाला नवरा-बायको म्हणत. एकजण म्हणाला, बायकोची हाक आली की नवऱ्याचं असंच होतं. इसोझाकी विजार पिळत म्हणाला, “हसा लेको. पण असा हात आरमारात दुसऱ्या कोणाचा आहे, तो दाखवा.”

ती फुशारकी नव्हती. गोतो बेटांवरच्या कोळ्याचा तो मुलगा, लहानपणी भाल्याने मासे मारलेला. सरावाच्या जुन्या जहाजावर त्याचा बॉम्ब पडला की नेम मोजणारेसुद्धा टाळ्या वाजवत. अशा माणसामागे बसायला मिळालं, याची मला आजही घमेंड आहे.

मग लढाईचा तो शेवटचा वसंत आला, आणि हुकूम आला की यापुढे बॉम्ब टाकायचा नाही, विमानच जहाजावर आदळायचं. मागचा माणूस लागणार नाही. इसोझाकी सगळ्यांदेखत कमांडरसाहेबांना म्हणाला, “साहेब, मी बॉम्ब टाकून जहाज बुडवतो आणि उद्या दुसरं बुडवायला पुन्हा जातो. विमान फुकट कशाला घालवायचं?”

साहेबांनी त्याच्या कानाखाली वाजवली. मरणाला भितोस, म्हणाले.

त्या एका शब्दाने तो बदलला. मी नाना तऱ्हेने समजावलं, पण कोळ्याचं पोर, हट्टाला पेटलं की पेटलं. आदळलो तर शूर, परत आलो तर भित्रा, असं म्हणायचा. आणि आईला गावात मान वर करून चालता आलं पाहिजे, असंही. मला वाटत होतं, त्याच्या आईला तिचा मुलगा मिळायला हवा.

त्याच्या निघण्याच्या सकाळी सगळे रांगेत उभे राहून निरोपाचा पेला पीत होते, तेव्हा मी सरपटत मागच्या सीटवर शिरलो. काच लावायला आलेल्या म्हाताऱ्या मेकॅनिकने, कोदेराने, मला पाहिलं. मी हात जोडले. त्याने फडक्याने काच पुसली आणि ओढून घेतली.

समुद्रावर पोचल्यावर मी नळीत तोंड घालून त्याला हाक मारली. आधी शिव्यांची लाखोली झाली. मग तो म्हणाला, “उतर.”

“कुठे उतरू? खाली पाणी आहे.”

त्याला हसू आवरलं नाही. पण पुढे आवाज बदलला. “तोकी, आज ते अक्षर बोलायचं नाहीस. माझी शपथ आहे.”

मी काहीच कबूल केलं नाही.

ढगांखाली जहाजं दिसली. त्याने नाक खाली केलं. तोफा धडधडत होत्या, उंचीचा काटा गरागरा उतरत होता आणि मी दात आवळून गप्प बसलो होतो. नेहमीची उंची आली.

“तयार.”

“गप्प बस!” तो ओरडला.

“तेऽ!”

त्याच्या मनाने काय ठरवलं होतं ते त्याचं त्याला ठाऊक. हातांनी माझं ऐकलं. बॉम्बचं ओझं सुटलं, अंधारी आली, आणि दिसायला लागलं तेव्हा लाटा पोटाखालून पळत होत्या. मागे जहाज पेटलं होतं. त्याच्यावरही कोणाचे तरी मुलगे होते, हे आता सुचतं. तेव्हा मी आनंदाने रडत होतो.

त्याने विमान तळाकडे वळवलं. उतरल्यावर साहेबांनी विचारलं, परत कसा आलास? मला वाटलं, आता हा माझं नाव सांगणार. तो ताठ उभा राहिला.

“साहेब, हुकूम जहाजाचा होता. जहाज पेटलंय. दुसरं दाखवा, तेही पेटवून येतो.”

साहेब विमानाकडे वळले. आमच्या विमानाची गोळ्यांनी चाळण झाली होती. दुसरं उरलं नव्हतं, आणि ते दुरुस्त होण्याआधी लढाईच संपली. तो बेटावर गेला, होडी घेतली, म्हातारा झाला.

गेल्या हिवाळ्यात निरोप आला, इसोझाकी शेवटच्या घटका मोजतोय. मी गेलो. डोळे मिटून पडला होता, डावा हात पांघरुणावर. सून म्हणाली, दोन दिवस कोणाला ओळखत नाहीत. मी कानाशी वाकलो आणि दुसरं काही सुचेना म्हणून म्हटलं, “तयार.”

त्याची बोटं हलली. डोळे उघडले.

“घाई करू नकोस, तोकी,” तो म्हणाला. “अजून उंची आहे.”

आणि वसंतापर्यंत जगला.