ताटलीवरचा तिसरा थेंब

मी एक तेलाचा डबा बोलतोय. मूठभर उंचीचा, लांब नळीचा, बूड दाबलं की टक् करून एक थेंब टाकणारा. कोणे एके काळी मी हिरवा होतो असं म्हणतात. आता माझ्या अंगावर लोकरीचे तंतू, मेंढ्यांच्या अंगचा चिकटा आणि चाळीस वर्षांची धूळ यांचा असा काही थर बसला आहे की माझा रंग मलाच आठवत नाही.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर तोंड लपवायला नको. मी जळकुकडा आहे. दुसऱ्याचं बरं झालेलं मला बघवत नाही. माझ्या या कहाणीत जे काही वाईट घडलं ते माझ्या हातून घडलं असं कुणी म्हणत नाही, कारण डब्याला हात नसतात. पण इच्छा असते.

सिडनीतल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथून मी कूमा गावच्या दुकानात आलो, आणि तिथून डूगल मॅकफीच्या कोटाच्या खिशातून मोनारोच्या पठारावर. तेव्हा डूगल ऐन उमेदीतला गडी होता. त्याने मला मेंढ्यांची लोकर कातरायच्या शेडमध्ये एका बुटक्या फळीवर ठेवलं. तेव्हापासून तीच माझी जागा.

कातरणीचे दिवस आले की माझ्याइतका मान कुणाला नसे. यंत्र गरगरत असे, तापून लाल होत असे, आणि दर दोन मेंढ्यांमागे कुणीतरी ओरडत असे, "अरे तेल दे इकडे, हात भाजतोय." माझं तेल दाट आहे. कितीही तापलं तरी जागा सोडत नाही. एकदा एक कातरणारा मला उचलून म्हणाला होता, "हा म्हातारा नसला तर आपण सगळे उपाशी." ते वाक्य मी वर्षानुवर्षं चघळत बसलो आहे.

पण कातरणी तीन आठवड्यांची. बाकीचं वर्ष मी आणि शेणाचा वास. आणि समोर, अंगणापलीकडे, घर.

घरात ती राहायची. बाटली. बोटाएवढी, निळ्या टोपणाची, आतलं तेल पाण्यासारखं पातळ. तिचं काम एकच, डूगलच्या बंदुकीला तेल देणं. दर रविवारी मटण भाजायला टाकलं की डूगल स्वयंपाकघरातल्या टेबलावर पांढरं फ्लॅनेलचं फडकं अंथरायचा आणि बंदूक उघडून तिचे भाग ओळीने मांडायचा. मग ही बया कपाटातून निघायची. एक थेंब. फार तर दोन. तेवढ्यासाठी आठवडाभर चुलीजवळची ऊब, पडद्याची खिडकी आणि भाजलेल्या बटाट्यांचा वास. शेडचं दार उघडं असलं की मला सगळं दिसायचं आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी पिंपभर तेल ओतलं माझ्या आयुष्यात. माझ्यासाठी कुणी फडकं अंथरलं नाही.

त्याहून मोठं दुखणं म्हणजे ताटली.

दर वर्षी थंडीच्या तोंडाशी डूगल एक जुनी पत्र्याची ताटली काढायचा. बंदुकीसाठी जी काही तेलं हाताशी असतील त्यांचा एकेक थेंब तिच्यावर शेजारी शेजारी ठेवायचा आणि ताटली व्हरांड्याच्या कठड्यावर सोडून झोपायला जायचा. पहाटे सगळं पठार पांढरंफेक झालेलं असायचं. ऊन यायच्या आत तो बाहेर येऊन ताटली हळूच तिरकी करायचा. जो थेंब ओघळला तो बंदुकीला चालला. जो जागच्या जागी बसला तो बाद. एकदा तर बाटलीचं आधीचं तेल बाद करून त्याने कूम्याहून दुसरं आणून तिच्यात भरलं होतं. मला त्या परीक्षेला कधी बसवलंच नाही. नापास केलं असतं तर एक वेळ सोसलं असतं. पण विचारलंसुद्धा नाही.

माझी सोबत होती टॅन्सीची. टॅन्सी ही डूगलची घोडी, काळपट तांबूस, कपाळावर वेडावाकडा पांढरा पट्टा. सत्तावीस वर्षांची झाली होती. हिवाळ्यात ती रात्रीची शेडमध्येच असायची आणि तिचं तोंड बरोबर माझ्या फळीशी यायचं. तिचा गरम श्वास माझ्यावर पडायचा. बाहेर बादलीतलं पाणी दगड झालेलं असायचं, पण माझं तेल सकाळी सुरळीत निघायचं. हे माझं कर्तृत्व आहे असंच मी समजत होतो.

डूगल आता अठ्ठ्याहत्तरचा झाला होता. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि सगळा कारभार त्याची मुलगी रोंडा बघायची. रोज संध्याकाळी तो टॅन्सीच्या मानेवरून हात फिरवायला यायचा. एकदा मी त्याला बोलताना ऐकलं.

"तुझी वेळ आली ना बाई, की मीच येईन. परक्या माणसाला बोलावणार नाही. एकच गोळी. तुला कळायचंसुद्धा नाही."

घोडीने त्याच्या खिशात नाक खुपसलं. तिला गाजर हवं होतं.

गेल्या जुलैमध्ये, म्हणजे आमच्याकडच्या ऐन थंडीत, डूगल डोळ्यातला मोतीबिंदू काढायला दोन दिवस कूम्याच्या इस्पितळात गेला. इकडे रोंडा कोल्ह्याच्या मागे गेली आणि बर्फाळ पावसात बंदुकीसकट चिंब भिजून आली. ओली बंदूक तशीच ठेवली तर सकाळपर्यंत गंजते, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. तिने पुसूनबिसून घेतली, कपाटातून बाटली काढली आणि उलटी केली. बाटली रिकामी.

रोंडा शेडमध्ये आली. तिची नजर फळीवरून फिरली आणि माझ्यावर थांबली.

"तेल ते तेल," ती पुटपुटली आणि तिने मला उचललं.

माझ्या आनंदाचं वर्णन करायला माझ्याकडे शब्द नाहीत. मी अंगण ओलांडलं. मी घराच्या पायऱ्या चढलो. मला टेबलावर, त्या पांढऱ्या फडक्यावर ठेवलं गेलं आणि माझ्या बुडाचा काळा गोल डाग त्याच्यावर उमटला. मला तो फार आवडला. बाटली तिथेच बाजूला पडली होती, आडवी, टोपण निघालेली. बघ म्हटलं, डोळे भरून बघ.

रोंडाने बंदुकीचा बोल्ट हातात घेतला. बोल्ट म्हणजे काडतूस आत ढकलणारा लोखंडी दांडा. त्याच्या पोटात एक स्प्रिंग आणि एक टोकदार पिन असते. चाप ओढला की ती पिन काडतुसाच्या बुडावर आपटते आणि बार होतो. बाटलीने तिथे आयुष्यभर एक थेंब दिला असेल. मी कंजूष नाही. टक्, टक्, टक्, टक्. रोंडा दाबत गेली आणि मी देत गेलो. चाळीस वर्षांचं साठलेलं सगळं मी त्या बोल्टच्या पोटात ओतलं.

मग तिने मला तसंच गाडीच्या दारातल्या खणात टाकलं. फाटकांच्या बिजागऱ्यांना तेल द्यायचं होतं. मला त्याचंही काही वाटलं नाही. मी बंदुकीचं तेल झालो होतो.

गुरुवारी डूगल परत आला. डोळ्यावर पट्टी, हातात नव्या तेलाची कुपी. गाडीत बसता बसता त्याने विचारलं, "बंदूक भिजली म्हणालीस. पुसलीस ना नीट?"

"पुसली, तेल दिलं, लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं. आणखी काही, साहेब?"

"कसलं तेल?"

"खोबरेल नाही दिलं. काय बाबा तुम्ही पण. घरी चला, सूप केलंय."

डूगल हसला. "बोटाला कळावं आणि डोळ्याला दिसू नये, एवढंच द्यायचं असतं. रविवारी बघतो मी."

मी दाराच्या खणात त्याच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर होतो. बघू दे रविवारी, मी म्हटलं. बघू दे तो काळा डागसुद्धा.

रविवार उजाडायच्या आधी शनिवार आला. त्या पहाटे अशी थंडी पडली की गाडीची काच आतून गोठली. रोंडाने रोजच्याप्रमाणे टॅन्सीला मोकळं सोडलं. कुंडातलं पाणी गोठलेलं होतं, म्हणून घोडी ओढ्यावर गेली. काठावर बर्फ होतं. रोंडा गवताचा भारा घेऊन पोचली तेव्हा टॅन्सी खाली पडली होती आणि तिचा पुढचा पाय नको त्या जागी वाकला होता. हाड बाहेर आलं होतं.

गुरांचा डॉक्टर दीड तासावर. डूगलने एकदा बघितलं आणि म्हणाला, "बंदूक आण."

बंदूक गाडीच्या मागच्या उघड्या हौद्यात वाऱ्यावर गारठत आली. मी पुढे दारात होतो. दार उघडंच राहिलं होतं, म्हणून मला सगळं दिसलं.

डूगल घोडीशी बोलला. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. त्याने तिच्या कपाळावरच्या पट्ट्याला अंगठा लावला, मग नळी तिथे टेकवली आणि चाप ओढला.

खट्.

एवढंच. टॅन्सीने डोकं उचलून त्याच्याकडे बघितलं. तिला वाटलं असेल, खिशात काहीतरी आहे.

डूगलने नळी टेकडीकडे वळवली आणि अडकलेला बार उशिरा उडू शकतो म्हणून मोठ्याने तीसपर्यंत मोजलं. तेवढ्यात घोडीने उठायचा प्रयत्न केला आणि ती जशी ओरडली तसं घोडीला ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं. त्याने दुसरं काडतूस घातलं. परत खट्. पुन्हा तीस.

मग त्याने काडतूस काढलं, बोल्ट बाहेर ओढला, त्यावर बोट फिरवलं आणि बोट नाकाशी नेलं.

"शेडमधलं," तो म्हणाला.

रोंडा पुढे आली. "बाबा, मला वाटलं, तेल ते..."

"तिचं डोकं धर. मांडीवर घे. बोलत राहा तिच्याशी."

माझं तेल गोठून डिंकासारखं झालं होतं. पिन त्यातून रेटत रेटत यायची आणि काडतुसाला नुसती टिचकी मारायची. डूगलने बोल्ट सुटा केला, एकेक तुकडा सदऱ्याच्या टोकाने पुसला, मग शर्टाची बटणं उघडून ते बर्फासारखं लोखंड काखेत धरलं. दात ओठात रुतवून तो तसाच उभा राहिला. काढायचा, पुसायचा, परत काखेत धरायचा. दहा मिनिटं लागली. मला दहा मिनिटं म्हणजे काय ते माहीत नव्हतं. कातरणीत दहा मिनिटांत तीन मेंढ्या होतात.

रोंडा घोडीच्या कानात अखंड काहीतरी सांगत होती, गाजरांची, कुरणाची, ती स्वतः लहानपणी पाठीवरून पडली होती त्याची गोष्ट. टॅन्सीचा श्वास वाफ होऊन वर जात होता. तो माझ्याकडे यायचा श्वास होता. तेव्हा मला समजलं की सकाळी माझं तेल वाहायचं ते कुणाच्या जिवावर.

तिसऱ्या वेळी बार झाला.

डूगल रोंडावर रागावला नाही. ती ओढ्याकाठी बसून रडत राहिली तेव्हा तो तिच्याशेजारी बसला. "चूक तेलाची नाही आणि तुझी पण नाही, पोरी," तो म्हणाला. "मी चाळीस वर्षं ताटली एकट्याने बघितली. तुला कधी हाक मारली नाही."

यंदा थंडीच्या तोंडाशी त्याने हाक मारली. रोंडाने ताटलीवर दोन थेंब ठेवले, दोन वेगवेगळ्या बाटल्यांतले. मग डूगल शेडमध्ये आला, त्याने मला उचललं, आणि तिसरा थेंब माझा ठेवला. चाळीस वर्षं मी ज्यासाठी तडफडलो ते मला मिळालं, आणि मला फळीवरून हलायची इच्छा नव्हती.

पहाटे रोंडाने ताटली तिरकी केली. निळ्या टोपणवालीचा थेंब सरसर ओघळत काठापर्यंत गेला. दुसऱ्याने जरा वेळ घेतला. माझा जागचा हलला नाही. तिने ताटली उभी धरली तरी नाही.

"लक्षात ठेव," डूगल म्हणाला. "तापणाऱ्या यंत्राला याच्यासारखं तेल नाही. पण त्याला थंडीत पाठवायचं नाही." मग त्याने माझ्या अंगावरची धूळ अंगठ्याने पुसली आणि मला शेडमध्ये परत आणून ठेवलं.

आता माझ्या फळीशेजारची जागा मोकळी आहे. जूनपासून माझं तेल रोज गोठतं. मला तुमच्याकडे एकच मागणं आहे. घाईत कधी तुमचा हात माझ्याकडे वळलाच, तर क्षणभर थांबा आणि पुढे कसली सकाळ वाट बघते आहे ते स्वतःला विचारा. मला विचारू नका. मी हो म्हणेन, मला ठाऊक आहे मी कसा आहे ते.

आणि बाटलीचा हेवा? तो गेलेला नाही. रविवारी ती फडक्यावर बसते तेव्हा मी अजून दारातून तिच्याकडे बघतो. पडदा, चूल, मटणाचा वास, ते सगळं तिला लखलाभ होवो. मला हेवा वाटतो तो एवढ्याचाच की ते खट् तिच्यामुळे झालं नाही.