कुशाबाईचं स्टेशन

उत्कर्षा नावाची मुलगी बारामतीहून स्कूटीवर आमच्या अंथुर्ण्याच्या पेरूच्या बागेत आली. लोक काय काय ऐकतात, याची पाहणी करत ती घरोघर फिरत होती. घरातल्या एकानं उत्तरं द्यायची. आमच्या घरात आता मी एकटाच. लीलाबाई आणि आणखी सहा जणी पेरूंना फोमची जाळी चढवून वरून पिशव्या घालत होत्या.

"तात्या, पॉडकास्ट ऐकता का?"

"न्हाय. ते काय असतंय?"

"बरं, रेडिओ?"

"व्हय. रोज दुपारी."

तिनं टॅबवर लगेच बोट लावलं. "कुठलं स्टेशन?"

"कुशाबाई."

बायका खो खो हसल्या. मग मी तिला सांगितलं. कुशाबाई माझी बायको. पिशव्या घालताना दोन्ही हात गुंतलेले, तोंड मोकळं. ती फोन गळ्यात अडकवायची, रेकॉर्डिंग चालू करायची आणि बोलत राहायची. मिलीबगवर काय फवारायचं, कुणाची सून बाळंत झाली, मी स्वयंपाकात काय घोटाळा केला. संध्याकाळी ते बायकांच्या ग्रुपवर टाकायची. असे एकशे बारा भाग झाले. जानेवारीत ती गेली. दोन महिने मी तिच्या फोनला हात लावला नाही. मग एक दिवस लीलाबाई म्हणाली, "तात्या, कुशाबाईचा रेडिओ लावा की. हात चालंनात आमचं." तेव्हापासून फांदीला स्पीकर टांगतो आणि रोज एक भाग ओळीनं लावतो. संपले की पुन्हा पहिल्यापासून.

उत्कर्षानं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "तात्या, हा रेडिओ धरता येत नाही. स्टेशनवरून ठरल्या वेळी लागतो तो रेडिओ. हे खोडते मी."

ती खोडायला लागली तसा मी टॅबपुढं हात धरला. "म्हंजे कुशाबाई कशातच न्हाय?"

लीलाबाई पिशव्या टाकून आली. "ए ताई, सात जणी ऐकतो आमी. कशातच न्हाय म्हंजे?"

"थांबा हो," म्हणत तिनं टॅबवरचं वाचलं. "पॉडकास्ट म्हणजे आधी रेकॉर्ड केलेलं बोलणं, भागाभागांत, इंटरनेटवरून मिळणारं, आपल्या सोयीनं कधीही ऐकता येणारं. नुसती गाणी धरायची नाहीत."

"रेकॉर्ड हाय," एक जण म्हणाली.

"भाग हायेत, मायंदाळ."

"ग्रुपवर मिळतंय."

"गाणं एकदाच म्हणली ती," लीलाबाई म्हणाली. "ते धरूच नका. आमीबी धरत न्हाय."

सगळ्या हसल्या. मला मात्र एक विचारायचंच होतं.

"पोरी, बोलणारी आता न्हाय. तरी चालंल?"

तिनं ती व्याख्या वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचली, बोट फिरवत. "तात्या, बोलणाऱ्याबद्दल यात काहीच विचारलेलं नाही. ऐकणाऱ्यानं गेल्या तीस दिवसांत ऐकलं का, एवढंच."

"आत्ताच लावतो," मी म्हणालो.

एक्केचाळिसावा भाग होता. फांदीवरून कुशा बोलायला लागली, "बायांनो, आमच्या मालकांनी आज पिठलं केलं. पिठलं कसलं, वीट. कुणाचं बांधकाम चालू असंल..."

"तर घिऊन जावा!" सातही जणी एकदम ओरडल्या.

उत्कर्षाच्या हातातून टॅब पडता पडता राहिला, इतकी ती हसली. मीही हसलो. तिनं टॅब माझ्यापुढं धरला. "तुम्हीच दाबा." मी बोट सदऱ्याला पुसलं आणि 'पॉडकास्ट ऐकतो' यापुढचं 'हो' दाबलं.

जाताना तिनं स्कूटी सुरू केली, परत बंद केली.

"तात्या, मला पहिल्या भागापासून पाठवाल?"

"पाठवतो की. मग तुलाबी मोज त्यात."

"मला नाही मोजता येत. मी मोजणारी."

"तू नगं मोजूस," लीलाबाई पेरूला पिशवी घालत म्हणाली. "आमी मोजली. तात्या धरून नऊ झाली."